दूध प्यायल्यानंतरही बाळ का रडते?

तान्हे मूल भुकेने रडत असेल, तर त्यावरील उपाय सरळ असतो. परंतु नुकतेच पोटभर दूध प्यायलेले मूल पदराखालून बाजूला घेताच कण्हू लागते, पाय पोटाशी घेते आणि चेहरा लालबुंद करून अर्धा-अर्धा तास रडत राहते, तेव्हा मातेचा धीर सुटतो. घरातील वडीलधारी मंडळी ‘दूध पुरत नाही’, ‘दूध बाधले’, ‘दृष्ट लागली’ अशी आपापल्या परीने निदाने करतात आणि त्यानुसार उपचारही सुरू होतात. कोणी वरचे दूध पाजावयास सांगते, कोणी गुटी उगाळते, तर कोणी बाजारातून पोटदुखीचे थेंब आणून देते. मूळ तक्रार बहुधा निरुपद्रवी असते. तिच्यावर केलेले उपचार मात्र पुष्कळदा अपायकारक ठरतात.

बालसंगोपनातील ही बाब वरवर पाहता घरगुती व किरकोळ वाटते. तथापि, आईच्या दुधाऐवजी वरचे दूध सुरू होण्याच्या कारणांमध्ये ‘बाळ पाजल्यावरही रडते’ हे एक प्रमुख कारण आहे. पहिले सहा महिने बालकास केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना व आपले शासन या दोहोंचे सांगणे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालकेच निव्वळ स्तनपानावर असल्याचे दिसून आले. म्हणजे दर तीन बालकांपैकी एकाहून अधिक बालकांच्या पोटात पाणी, वरचे दूध, गुटी किंवा अन्य काही जात होते. म्हणूनच रडणाऱ्या बाळाला कसे शांत करावे, याचे शास्त्रीय ज्ञान मातेपर्यंत व तिच्या घरातील वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

रडण्याचा स्वाभाविक क्रम

निरोगी बालकाच्या रडण्यालाही एक ठराविक क्रम असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली ८० निरोगी बालकांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यात ही बालके दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तास रडत. सहाव्या आठवड्यात हे प्रमाण पावणेतीन तासांपर्यंत चढले आणि त्यानंतर उतरत जाऊन बाराव्या आठवड्याच्या सुमारास तासाभरावर आले. रडण्याचा जोर विशेषतः सायंकाळी अधिक असतो. नंतर झालेल्या निरीक्षणांतही साधारणपणे हाच चढ-उतार आढळून आला आहे.

काही बालके याहूनही अधिक रडतात. दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणाऱ्या, परंतु अन्यथा सुदृढ असलेल्या बालकाच्या या अवस्थेस डॉ. मॉरिस वेसेल यांनी १९५४ साली ‘कॉलिक’ची व्याख्या लावली. आपल्याकडे यालाच पोटशूळ म्हणतात. हे नाव मात्र काहीसे फसवे आहे. अशा प्रत्येक बालकाचे पोट दुखतेच असे सिद्ध झालेले नाही. मज्जासंस्थेची अपरिपक्वता, आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंची अद्याप न बसलेली घडी, दिवसभरातील गडबडीने आलेला शिणवटा अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. निश्चित एवढेच आहे की, हा त्रास साधारणतः तीन ते चार महिन्यांत आपोआप ओसरतो आणि त्याचा बालकाच्या वाढीवर परिणाम होत नाही. ‘हे दिवस जातील’ हे मातेला आधीच ठाऊक असेल, तर तिची निम्मी चिंता कमी होते.

दूध पिऊन झाल्यावर पोटात काय घडते?

अन्ननलिका जेथे जठरास मिळते, तेथे स्नायूंचे एक वर्तुळ असते. गिळलेले अन्न परत वर येऊ नये म्हणून ते झडपेप्रमाणे काम करते. तान्ह्या मुलात ही झडप पुरेशी घट्ट नसते. त्यातच त्याचा आहार संपूर्णतः पातळ, जठर लहान आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडव्या स्थितीत जातो. साहजिकच दूध थोडेसे वर येते व मूल गुळणी टाकते. शिकागो परिसरातील ९४८ बालकांच्या पालकांकडून घेतलेली माहिती १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार पहिल्या तीन महिन्यांत निम्मी बालके दिवसातून एकदा तरी दूध बाहेर काढीत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण सर्वाधिक म्हणजे ६७ टक्के होते, तर दहा ते बारा महिन्यांच्या वयात ते ५ टक्क्यांवर आले. वजन नीट वाढत असलेल्या बालकाने अशी गुळणी टाकणे हा आजार नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे, जठर भरू लागले की आतड्यांची हालचाल वाढते. त्यामुळे दूध पिता-पिताच किंवा पिऊन झाल्यावर लगेच बालक कुंथते, तोंड वेडेवाकडे करते, वायू सोडते व अनेकदा शी करते. मोठ्या माणसाला या क्रियेची जाणीवही होत नाही. बालकाला मात्र पोटातील प्रत्येक हालचाल नवी असते. तिसरी गोष्ट हवेची. घाईघाईने पिताना, रडत-रडत पिताना किंवा स्तन तोंडात नीट न बसल्यास दुधाबरोबर हवाही पोटात जाते. ती अडकून राहिली की पोट तडतडते आणि आडवे ठेवताच मूल अस्वस्थ होते.

प्रथम पाजण्याची पद्धत तपासावी

पाजल्यानंतरच्या अस्वस्थतेचे मूळ बऱ्याच वेळा पाजण्याच्या पद्धतीत असते. म्हणून औषधाचा विचार करण्यापूर्वी एकदा पाजण्याचे निरीक्षण करावे. आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका किंवा अनुभवी परिचारिका हे काम सहज करू शकते. बालकाचे डोके, पाठ व कंबर एका रेषेत असावी, त्याचे संपूर्ण शरीर मातेकडे वळलेले असावे आणि मान पिरगळलेली नसावी. त्याचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. केवळ स्तनाग्र तोंडात न जाता त्याभोवतीचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. पाजताना ‘चुक्-चुक्’ असा आवाज येत असेल, गाल आत ओढले जात असतील किंवा मातेला वेदना होत असतील, तर पकड चुकली आहे असे समजावे. अशा वेळी बालकाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हलकेच बोट घालून पकड सोडवावी व पुन्हा नीट धरावे.

एका बाजूचे दूध पूर्ण पिऊ देऊन मगच दुसऱ्या बाजूस घ्यावे. सुरुवातीस येणारे दूध पातळ व दुग्धशर्करेने युक्त असते. जसजसा स्तन रिकामा होतो, तसतसे दुधातील स्निग्धांश वाढत जातात. दर पाच मिनिटांनी बाजू बदलली, तर बालकाच्या पोटात पातळ दूधच अधिक जाते. त्यामुळे वायू धरतो, शी पातळ व फेसाळ होते आणि मूल थोड्याच वेळात पुन्हा भुकेजते. काही मातांना दूध इतक्या वेगाने येते की बालकाला ठसका लागतो. अशा मातेने मागे रेलून बसून पाजावे आणि पहिली धार ओसरू देऊन मग बाळाला जवळ घ्यावे.

भूक लागल्याची पहिली खूण रडणे ही नव्हे. बालक मूठ तोंडात घालते, जीभ बाहेर काढते, मान वळवून शोधू लागते, तेव्हाच त्यास घ्यावे. रडून-रडून थकलेले मूल हवा गिळते व नीट पीत नाही. सायंकाळी काही बालके तासातासाने दूध मागतात. दूध आटल्याचे ते लक्षण नसून, वाढत्या गरजेनुसार दूध वाढवून घेण्याची ती निसर्गाची रीत आहे.

दूध पुरते की नाही, याची कसोटी रडण्यावरून न लावता लघवी व वजन यांवरून लावावी. पहिल्या आठवड्यानंतर केवळ आईच्या दुधावर असलेले बालक २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी करीत असेल, दोन आठवड्यांच्या सुमारास जन्माचे वजन भरून निघाले असेल आणि त्यानंतर पहिले तीन महिने दररोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे. अंगणवाडीतील वजनकाटा हा या बाबतीत घरातील कोणत्याही मतापेक्षा अधिक विश्वसनीय साक्षीदार होय.

काही कारणाने वरचे दूध देणे डॉक्टरांच्या सल्ल्याने आवश्यकच ठरले, तर बाटली टाळून स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बाटलीच्या बुचातून हवा पोटात जाते आणि तिच्या खाचाखोचांत जंतू वाढून अतिसाराचा धोका निर्माण होतो. बाटल्यांची व आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची जाहिरात करण्यास १९९२ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली असून, २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला आहे.

ढेकर काढावा की नाही?

पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटत ढेकर काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्वमान्य आहे. तिचा उपयोग किती होतो, हे पाहण्यासाठी चंदीगड येथे निरोगी बालकांच्या ७१ जोड्यांची, म्हणजे ७१ माता व त्यांची बाळे यांची, तीन महिने पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्या मातांना ढेकर काढण्यास शिकविले होते, त्यांच्या बाळांचा पोटशूळ कमी झाल्याचे आढळले नाही. उलट त्यांचे गुळणी टाकण्याचे प्रमाण अधिक होते.

याचा अर्थ ढेकर काढणे घातक आहे असा नाही. दूध पिऊन शांत झोपलेल्या बाळाला ढेकरासाठी उठवून थोपटत बसण्याची आवश्यकता नाही, एवढाच त्यातून बोध घ्यावा. मात्र जे बाळ पिऊन झाल्यावर चुळबुळ करते, पाठ ताणते, मध्येच पिणे सोडून रडते, त्याला पंधरा-वीस मिनिटे उभे धरावे. त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवून, मानेला आधार देऊन पाठीवरून हलका हात फिरवावा. किंवा त्याला मांडीवर किंचित पुढे झुकवून बसवावे आणि एका हाताने हनुवटी व छाती सावरावी. जोरजोराने थापट्या मारल्याने हवा लवकर निघत नाही. दूध मात्र बाहेर येते. पाजून झाल्यावर लगेच लंगोट बदलणे, पाय वर उचलणे, तेल चोळणे किंवा अंघोळ घालणे टाळावे.

शांत करण्याचे साधे मार्ग

सर्वप्रथम बाळाच्या अंगावरील कपडे उघडून पाहावे. ओला लंगोट, कपड्यात शिरलेली मुंगी, घट्ट बसलेला करगोटा किंवा मनगटीचा काळा दोरा, बोटाभोवती गुंडाळला गेलेला केस, अंगावर चढविलेले दोन-तीन थर कपडे यांपैकी एखादे कारण निघाले, तर तेथेच प्रश्न सुटतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी किंवा तंबाखूचा धूर असल्यास तो तत्काळ बंद करावा. त्याने बालकाचे डोळे व श्वासमार्ग चुरचुरतात आणि फुप्फुसांना अपाय होतो.

त्यानंतर बाळाला छातीशी घेऊन सावकाश चालावे. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेने २०२२ साली २१ बालकांवर केलेले निरीक्षण या संदर्भात उपयुक्त आहे. रडणाऱ्या बाळाला घेऊन न थांबता सलग पाच मिनिटे चालल्यास ते शांत होते व पुष्कळदा झोपी जाते. परंतु लगेच खाली ठेवल्यास जागे होते. म्हणून ते झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे व मगच अलगद ठेवावे, असे त्या संशोधकांनी सुचविले. पाहणी लहान असली, तरी आपल्या आज्यांच्या अनुभवाशी ती जुळणारी आहे.

कॅनडातील माँट्रियल येथे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मूल रडत नसतानाही त्यास दिवसभरात अधिक वेळ अंगाशी बाळगणाऱ्या मातांची बाळे सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडल्याचे आढळून आले. अतिरडण्याचा त्रास आधीच सुरू झालेल्या बालकांत मात्र पुढील पाहणीत तेवढा लाभ दिसला नाही. म्हणजे मुलाला रडू लागल्यावरच उचलण्यापेक्षा एरवीही जवळ बाळगणे अधिक हिताचे. ‘सारखे घेतल्याने मूल अंगावरचे होते’ ही भीती पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळगण्याचे कारण नाही.

याखेरीज मंद आवाजात अंगाई म्हणणे, दिवा मंद करून खोलीतील गर्दी कमी करणे, मातेच्या उघड्या छातीवर बाळाला त्वचेला त्वचा लागेल असे ठेवून वरून पांघरूण घेणे, हाताच्या पंज्याने पोटावर उजवीकडून डावीकडे हलके गोलाकार चोळणे, पाय गुडघ्यांत दुमडून पोटाकडे नेणे हे उपाय करून पाहावेत. पोट चोळणे व पाय दुमडणे हे मात्र पाजल्यानंतर काही वेळाने करावे. जागे असताना आपल्या हाताच्या कोपरापासून पंजापर्यंतच्या भागावर बाळाला उपडे घेऊन फिरविल्यानेही काही बाळे शांत होतात. एकामागून एक सर्व उपाय घाईने करू नयेत. प्रत्येक उपायास काही मिनिटांचा अवधी द्यावा. हातांची व आवाजांची सारखी अदलाबदल झाल्यास मूल अधिकच बिथरते.

बाळोत्यात गुंडाळल्याने काही बालकांना बरे वाटते. परंतु पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत. त्यामुळे खुब्याचा सांधा निखळण्याचा संभव असतो. कमरेखालील भाग सैल असावा, उन्हाळ्यात जाड कपडा वापरू नये आणि मूल कुशीवर वळू लागताच गुंडाळणे थांबवावे. झोपविताना बाळाला नेहमी पाठीवर, सपाट व टणक अंथरुणावर ठेवावे. भोवती उशा, गोधड्या असू नयेत. उपडे झोपविल्यास झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो. पाठीवर झोपविण्याचा प्रचार १९९० नंतरच्या दशकात अनेक देशांनी केल्यावर असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. गुळणी टाकणाऱ्या बाळालाही पाठीवरच झोपवावे. ते गुदमरेल ही भीती अनाठायी आहे.

अपाय करणारे उपचार

रडणे थांबविण्यासाठी बालकाला गुंगी आणण्याची चाल फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामाच्या वेळात मूल झोपून राहावे म्हणून त्यास अफू मिसळलेल्या बाळगोळ्या देत असत. त्या स्त्रियांना मूल सांभाळण्याची अन्य कोणतीही सोय नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १८५१ साली तयार झालेल्या ग्राइप वॉटरच्या मूळ मिश्रणातही मद्यार्क होता. पुढे तो काढून टाकण्यात आला. तथापि, या पाण्याने पोटशूळ बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि सहा महिन्यांखालील बालकाच्या पोटात ते जाणे म्हणजे निव्वळ स्तनपानात खंड पडणेच होय.

पोटदुखीच्या थेंबांबाबत विशेष सावधगिरी बाळगावी. डायसायक्लोमिन या औषधाने तान्ह्या बालकांचा श्वास थांबण्याचे प्रकार घडल्यामुळे सहा महिन्यांखालील बालकांस ते देणे निषिद्ध आहे. सिमेथिकोनचे थेंब सामान्यतः निरुपद्रवी असले, तरी औषधविरहित थेंबांपेक्षा त्यांचा अधिक उपयोग होत असल्याचे चाचण्यांत दिसून आलेले नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून दुकानातून कोणतेही थेंब आणू नयेत.

गुटीविषयी आपल्या समाजात आदर आहे. परंतु जायफळ अधिक उगाळले गेल्यास बालकाला गुंगी येते, सहाणेवर व पाण्यात जंतू असू शकतात आणि उगाळण्याचे प्रमाण कोणाच्याही हाती निश्चित नसते. मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मुळीच चाटवू नये. त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. बेंबीवर हिंगाचा लेप किंवा एरंडेल लावून तव्यावर गरम केलेले विड्याचे पान ठेवण्याची पद्धत आहे. बालकाची त्वचा अत्यंत नाजूक असल्याने अशा शेकाने ती भाजते, तर नाळ पडून जागा कोरडी होण्याआधी केलेल्या लेपाने जंतुसंसर्ग होतो.

याच मालिकेतील सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे फुगलेल्या पोटावर तापलेल्या सळईने किंवा विळ्याने चटके देणे. मेळघाटात ‘डंबा’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रथा अद्याप नाहीशी झालेली नाही. २०२५ सालीही तेथे महिन्याभराच्या आतील एका बालकाला असे चटके दिल्याचे उघडकीस आले. चटके देणारे मुलाचे वैरी नसतात; मूल वाचावे हीच त्यांची इच्छा असते. म्हणूनच केवळ निषेध करून हा प्रश्न सुटणार नाही. पोट का फुगते, त्यावर काय करावे आणि कोठे जावे, हे त्यांच्याच भाषेत व त्यांच्या विश्वासातील माणसांकडून, प्रसंगी भुमकांनाही बरोबर घेऊन, सांगितले गेले पाहिजे.

डॉक्टरकडे केव्हा न्यावे?

बहुतेक रडणे निरुपद्रवी असले, तरी काही वेळा तेच गंभीर आजाराचे पहिले चिन्ह असते. पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता बालकास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे.

१. दूध ओढणे बंद होणे किंवा फार कमी होणे. मूल मलूल पडणे, झटके येणे.
२. अंग तापणे अथवा हातपायांसह पोटही गार लागणे.
३. मूल शांत असताना श्वासाचा वेग मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक असणे, छाती आत ओढली जाणे.
४. हिरवी उलटी होणे. किंवा प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध जोराने लांबवर फेकले जाणे. जठराचे पुढील तोंड अरुंद होण्याचा विकार बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात असा प्रकट होतो व त्यास शस्त्रक्रिया लागते.
५. शीमध्ये रक्त पडणे, पोट फुगून कडक होणे, जांघेत गाठ दिसणे.
६. टाळू फुगणे किंवा खोल जाणे, लघवी कमी होणे.
७. वजन न वाढणे. नेहमीपेक्षा वेगळ्या, किंचाळल्यासारख्या आवाजात सतत रडणे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. आरंभी ३० दिवसांपर्यंतच्या आजारी नवजात बालकांना शासकीय रुग्णालयांत मोफत उपचार व वाहनसेवा देण्याची तरतूद त्यात होती. पुढे ती एक वर्ष वयापर्यंत वाढविण्यात आली. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असले पाहिजे.

मातेचीही काळजी हवी

न थांबणारे रडणे ऐकून माणसाचा संयम सुटू शकतो. अशा क्षणी बाळाला दोन्ही हातांत धरून गदागदा हलविणे प्राणघातक आहे. बाळाची मान दुबळी व डोके जड असते. हिसक्याने मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या तुटतात. ब्रिटिश मेंदुशल्यविशारद डॉ. नॉर्मन गथकेल्च यांनी १९७१ साली याकडे प्रथम लक्ष वेधले. यातून वाचलेल्या अनेक मुलांना अंधत्व, झटके किंवा मतिमंदत्व येते. राग अनावर होत आहे असे वाटताच बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवावे, खोलीबाहेर येऊन पाच-दहा मिनिटे शांत व्हावे आणि घरातील दुसऱ्या कोणाकडे मूल सोपवावे. थोडा वेळ रडल्याने बाळाला अपाय होत नाही. एका हिसक्याने मात्र आयुष्याचे नुकसान होते.

रडणाऱ्या बाळाच्या आईला ‘तुझेच दूध बाधते’ असे म्हणून दोष देणे अन्यायाचे आहे. तिचा आहारही अकारण तोडू नये. वांगे, वाटाणा, हरभऱ्याची डाळ सरसकट बंद केल्याने बाळाचा वायू थांबत नाही. माता मात्र अशक्त होते. बालकाच्या शीत रक्त व अंगावर चट्टे अशी लक्षणे असतील, तरच गाईच्या दुधातील प्रथिनांच्या वावड्याचा विचार डॉक्टर करतात आणि त्यांच्या सल्ल्याने मातेचा आहार काही दिवस बदलावा लागतो.

भारतातील विविध पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २२ टक्के माता प्रसूतीनंतर नैराश्याच्या छायेत असतात. झोप न येणे, सतत रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे ही त्याची लक्षणे होत. अशा मातेला विश्रांती, आधार व उपचार यांची गरज असते. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. सायंकाळी रडण्याचा जोर असतो, त्याच वेळी स्वयंपाकाचाही भार मातेवर असतो. त्या दोन तासांत पित्याने किंवा सासूने मूल घेऊन फिरणे, हा या विकारावरील सर्वांत स्वस्त व गुणकारी उपाय होय.

गावाने काय करावे?

घरोघरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याच्या पद्धतीस महाराष्ट्रातूनच चालना मिळाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन हा प्रयोग केला आणि नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट देतात. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीची भेटही असते.

येथे एक गोष्ट नियोजन करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहावा आठवडा, अर्थात रडण्याचा जोर सर्वाधिक असण्याचा काळ. त्यानंतरची नियमित गृहभेट थेट तिसऱ्या महिन्यात होते. मधल्या सहा-सात आठवड्यांत वरचे दूध सुरू होण्याचा संभव अधिक असतो. सुदैवाने याच काळात सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत लसीकरण असते. त्या सत्रांत प्रत्येक मातेला ‘बाळ पाजल्यावर रडते का?’ एवढा एक प्रश्न विचारून वजन दाखविले, पाजण्याची पद्धत पाहिली आणि ‘हे रडणे लवकरच कमी होईल’ असा दिलासा दिला, तर कोणत्याही नव्या योजनेवाचून हा खंड भरून निघेल.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सभेत हा विषय घ्यावा. अंगणवाडीतील वजनकाटा चालू स्थितीत आहे की नाही, हे पाहावे. धोक्याची लक्षणे व १०८ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहावा. सभेला केवळ माता न बोलाविता सासवा व पिते यांनाही आवर्जून बोलवावे. कारण गुटी व थेंबांचा निर्णय बहुधा त्यांचाच असतो. शेतावर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या मातांना पाजण्यासाठी सावलीची जागा व सुटी मिळते का, याकडेही लक्ष द्यावे. गिरणीतल्या बाळगोळीमागचे कारण अफू नव्हती, ती अडचण होती. तशी अडचण आज आपल्या गावात कोणावर येऊ नये.

शिक्षकांचे साहाय्यही मोलाचे आहे. अनेक घरांत तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम थोरल्या बहिणीकडे असते. वरच्या वर्गांतील मुलामुलींना बाळ कसे धरावे, कसे झोपवावे, त्यास कधीही हिसके देऊ नयेत आणि कोणती लक्षणे दिसताच मोठ्यांना बोलवावे, हे आरोग्याच्या तासिकेत शिकविता येईल. मुले ते घरी जाऊन सांगतील आणि पुढे स्वतः पालक झाल्यावर आचरणातही आणतील.

तान्ह्या मुलाला बोलता येत नाही. रडणे हीच त्याची भाषा असते. ती ऐकून प्रथम त्याला जवळ घ्यावे, मग कारण शोधावे आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी करावा. पहिल्या तीन-चार महिन्यांचा हा काळ धीराने निभावून नेण्याइतका आधार प्रत्येक मातेला तिच्या घरातून व गावातून मिळाला, तर पुष्कळ बालके सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर वाढतील आणि अनेक अपघात व आजार टळतील.